नोंदी जोडताना

प्रस्तावना

ज्या माणसाने आयुष्यात कधी संगणकाला हात लावला नाही, त्यानेही महाराष्ट्रात जॉइनचा निकाल हातात धरलेला असतो. सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, आकार किती, पोटखराबा किती, इतर हक्कांत कोणाचे नाव आहे हे सांगितलेले असते. बारामध्ये त्याच जमिनीत कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणते पीक उभे होते ते असते. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या कामांसाठी ठेवलेल्या. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर दोन्हीकडे तोच असतो, म्हणून त्या एका कागदावर वर-खाली बसतात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यावर पीककर्ज काढायचे असो की श्रीवर्धनची सुपारीची वाडी भावाभावांत वाटायची असो, तलाठ्याकडून आणलेला हा कागद म्हणजे दोन तक्त्यांची जोडणी, म्हणजेच जॉइन आहे.

आणखी थोडे बारकाईने पाहिले तर या कागदावर जोडणीचे दोरे जागोजागी दिसतात. नमुना सातमध्ये नावाच्या पुढे एक आकडा असतो, जुन्या हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात लिहिलेला सापडतो. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथे कसे आले, खरेदीने, वारसाने की वाटपाने, त्याची हकीकत सातबाऱ्यावर नसते. ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, त्या क्रमांकाखाली असते. सातबाऱ्यावर फक्त तिथे पोचण्याचा आकडा. डेटाबेसच्या भाषेत याला फॉरेन की म्हणतात. तसाच खाते क्रमांक. तो धरून आठ-अ काढला की एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एका ठिकाणी दिसतात. सातबारा जमिनीकडून माणसांकडे जातो, आठ-अ माणसाकडून जमिनींकडे. एका जमिनीला अनेक माणसे आणि एका माणसाला अनेक जमिनी, असे दुहेरी नाते या दोन नमुन्यांनी मिळून सांभाळले आहे.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला. गावपातळीवरच्या हिशेबाचे नमुने अँडरसन या महसुली अधिकाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये बांधून दिले गेले आणि १ ते २१ या क्रमांकांनी ते आजही ओळखले जातात. त्या नमुन्यांची आखणी करणाऱ्यांपुढे संगणक नव्हता. तरीही एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, बाकी ठिकाणी तिचा फक्त क्रमांक ठेवावा, आणि गरज पडेल तेव्हा क्रमांकावरून गोष्टी जुळवाव्यात, ही शिस्त त्यांनी पाळली. मला ही शिस्त फार मोलाची वाटते, आणि हे पुस्तक तिच्यावरच उभे आहे.

याच कल्पनेला गणिताचा पाया एडगर फ्रँक कॉड यांनी दिला. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, नंतर आयबीएममध्ये गणितज्ञ. त्यांचा निबंध जून १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर संगणकातल्या नोंदी एकमेकींना वाटांनी बांधलेल्या असत. एका नोंदीतून दुसरीकडे जायची वाट कार्यक्रम लिहिणाऱ्याने आधीच घालून ठेवायची, आणि जो प्रश्न त्या वाटेवर नाही तो विचारताच येत नसे. जमिनीवरून खातेदार सापडे, पण खातेदारावरून जमीन शोधायची तर नवा कार्यक्रम लिहावा लागे. कॉड यांनी वाटा काढून टाकल्या. सगळी माहिती तक्त्यांत ठेवा, आणि दोन तक्त्यांचे नाते फक्त त्यांच्या रकान्यांतल्या मूल्यांनी ठरू द्या, असे त्यांनी सांगितले. मग कोणत्याही दिशेने प्रश्न विचारता येतो. १९७४ मध्ये आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असे प्रश्न साध्या इंग्रजी वाक्यासारखे लिहिता येतील अशी भाषा मांडली. तिचे नाव सीक्वेल. पुढे ते नाव दुसऱ्या कोणाचे व्यापारचिन्ह निघाल्याने एसक्यूएल झाले. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जॉइन हा शब्द स्वतंत्रपणे वाक्यात लिहिण्याची सोय मात्र प्रमाण भाषेत १९९२ च्या आवृत्तीत आली. त्याआधी दोन तक्त्यांची नावे शेजारी लिहून अट खाली घालत. त्या पद्धतीत अट विसरली तरी यंत्र कुरकुरत नसे, आणि पहिल्या तक्त्याची प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीला चिकटून हजारो खोट्या जोड्या तयार होत.

इतिहास इथे थांबवतो. जॉइन शिकताना खरा प्रश्न वेगळाच असतो आणि तो रायगड जिल्ह्याइतका स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा, अलिबाग या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे झाड पुन्हा लावले तर उत्पन्न सुरू व्हायला बरीच वर्षे लागतात, त्यामुळे ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांचे एका हंगामाचे नव्हे तर पुढच्या कित्येक हंगामांचे उत्पन्न गेले. मग पंचनामे झाले. मदत हेक्टरी मोजायची की झाडामागे, हा प्रश्न बागायतदारांनी उचलून धरला, आणि तो रास्तच होता. इथली वाडी काही गुंठ्यांची असते, तिच्यात नारळ, सुपारी, खाली मसाल्याची झाडे असे थर असतात, आणि हेक्टरात बसवले की ती जवळजवळ दिसेनाशी होते.

अशा वेळी मदतीची यादी कशी तयार होते याचा विचार करा. एका तक्त्यात पंचनामे आहेत : कोणत्या सर्व्हे नंबरात किती झाडे पडली, वाडी कोण करते. दुसऱ्या तक्त्यात भोगवटादार : जमीन कोणाच्या नावे. तिसऱ्यात बँक खाती : पैसे कुठे जमा करायचे. तिन्ही जोडायचे आहेत. एसक्यूएलमध्ये नुसते जॉइन लिहिले की त्याचा अर्थ इनर जॉइन होतो, म्हणजे तिन्हीकडे जुळणारे सापडेल तेवढ्याच ओळी निकालात येतात.

आता समजा एक वाडी आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, वारस नोंद झालेली नाही. तिघा मुलांपैकी दोघे मुंबईला, तिसऱ्याची विधवा वाडी करते आहे. पंचनाम्यात तिचे नाव, सातबाऱ्यावर सासऱ्याचे, बँकेत खाते तिचे. किनाऱ्यावर असे घर शोधायला दूर जावे लागत नाही. इनर जॉइन चालवला की ही बाई यादीतून जाते. यंत्र कोणतीही चूक दाखवत नाही. यादी स्वच्छ असते, प्रत्येक ओळीत नाव, क्षेत्र, खाते क्रमांक सगळे भरलेले. रिकामा रकाना एकही नाही, आणि हीच धोक्याची खूण आहे. ज्यांच्यात काही ना काही रिकामे होते ते सगळे गळाले म्हणून यादी इतकी नेटकी दिसते.

लेफ्ट जॉइन याउलट वागतो. डावीकडे ठेवलेल्या तक्त्याची एकही ओळ तो सोडत नाही. उजवीकडे जुळणारे मिळाले नाही तर तिथे रिकामी जागा, म्हणजे नल, ठेवतो. पंचनाम्यांचा तक्ता डावीकडे ठेवला तर ज्याची झाडे पडली तो प्रत्येक जण यादीत राहतो, आणि कोणाचे काय जुळत नाही ते रिकाम्या जागांवरून कळते. त्यापुढे जाऊन फक्त रिकाम्या जागा असलेल्या ओळीच मागवल्या, तर हाती येते ती न जुळलेल्यांची यादी. माझ्या मते जोडणीच्या कामात सर्वांत उपयोगी यादी हीच. अधिकाऱ्याने, संस्थेच्या सचिवाने, विद्यार्थ्याने पहिल्यांदा ही काढावी. पैसे वाटायची यादी तिच्यानंतर.

कोणता तक्ता डावीकडे ठेवायचा हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्यात एक निवाडा दडलेला आहे. पंचनामा डावीकडे ठेवला तर नुकसान झालेला माणूस केंद्रस्थानी येतो. भोगवटादारांचा तक्ता डावीकडे ठेवला तर कागदावरचा मालक केंद्रस्थानी येतो. या जिल्ह्यात हा फरक जुना आहे आणि त्यासाठी माणसे लढली आहेत. अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतीविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला, जमिनी पेरल्या नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या निर्मूलन कायद्यानंतर. कसणारा एक आणि कागदावरचे नाव दुसऱ्याचे, ही त्या काळची रीत होती. इतर हक्कांच्या रकान्यात लागलेले कुळाचे एक नाव म्हणजे एखाद्या घराच्या दोन पिढ्यांची कमाई असते. ज्याला हे ठाऊक आहे तो क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न, लिहिताना तो रकाना सहज वगळणार नाही.

गळती आणखी एका वाटेने होते आणि चांगले जाणकारही तिथे चकतात. लेफ्ट जॉइन नीट लिहिला, पंचनामे डावीकडे ठेवले, आणि मग शेवटी व्हेअरमध्ये, म्हणजे जोडणीनंतरच्या गाळणीत, अट घातली की बँक खाते तपासलेले असावे. ज्यांचे खातेच जुळले नाही त्यांच्या त्या रकान्यात नल आहे. नल ही अट पुरी करत नाही, त्यामुळे त्या सगळ्या ओळी पुन्हा बाहेर जातात. लिहिला लेफ्ट जॉइन, झाला इनर जॉइन. उजवीकडच्या तक्त्यावरची अट व्हेअरमध्ये न ठेवता ऑनमध्ये, जोडणीच्या अटीतच, ठेवायची. मग खाते तपासलेले नसेल तर खात्याची जागा रिकामी राहते, माणूस मात्र राहतो. या एका नियमासाठी पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण दिले आहे, कारण इतक्या कमी अक्षरांत इतकी माणसे गाळणारी दुसरी चूक मला माहीत नाही.

आता जोडणी कशावरून करायची याकडे वळतो.

रायगड किनाऱ्यावर कोणी नुसते बोर्ली म्हटले तर ऐकणारा तालुका विचारतो. मुरूड तालुक्यात बोर्ली मांडला आहे, श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन. माणूस विचारून घेतो, यंत्र विचारत नाही. दोन तक्त्यांत गावाचे नाव फक्त बोर्ली असेल तर एका गावची वाडी दुसऱ्या गावच्या खातेदाराला जोडली जाईल. सर्व्हे नंबरचेही तसेच. सर्व्हे नंबर बारा प्रत्येक गावात असतो, खाते क्रमांक एकशेचारही प्रत्येक गावात असू शकतो. म्हणून जोडणीची किल्ली एकट्या क्रमांकाची नसते. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, एवढे सगळे मिळून ती पूर्ण होते. अलीकडे सातबाऱ्यावर प्रत्येक भूभागाला अकरा अंकी भू-आधार क्रमांक छापलेला येतो. तो एकच रकाना एवढ्या सगळ्यांचे काम करतो आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण जुन्या यादीत तो नसतो, पंचनाम्याच्या कागदावर बहुधा नसतो, आणि काम तर त्या कागदांशीच पडते.

नावावरून जोडू नये, हे तत्त्व म्हणून सगळे मान्य करतात आणि घाईत सगळेच मोडतात. मराठीत ते मोडणे अधिक महाग पडते. मुरुड एका यादीत ऱ्हस्व, दुसरीत मुरूड दीर्घ. पाटील आणि पाटिल. डोळ्याला फरक जाणवत नाही, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. त्याहून कठीण म्हणजे जिथे डोळ्याला फरक दिसूच शकत नाही ते प्रकार. युनिकोडमध्ये काही अक्षरे दोन प्रकारे साठवता येतात, शब्दात न दिसणारी जोडखूण मागे राहू शकते, नावानंतर एक रिकामी जागा लपलेली असू शकते. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली यादी युनिकोडशी मुळात जुळतच नाही, आधी तिचे रूपांतर करावे लागते. एका तक्त्यात हिस्सा नंबर देवनागरी अंकांत, दुसऱ्यात इंग्रजी अंकांत असेल तरी तीच गत. त्यात १ जानेवारी १९८१ पासून कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याआधीच्या नोंदींत जिल्हा कुलाबाच आहे. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग तर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. जुन्या नोंदी जोडणाऱ्याने आधी नावांचा एक स्वतंत्र तक्ता करावा : जुने नाव, आजचे नाव, गावाचा सांकेतिक क्रमांक. हा मधला तक्ता केला की दोन्ही बाजू त्यातून जोडता येतात. त्याला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावाच लागतो.

हिस्सा नंबरबद्दल अजून एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती नलचा स्वभाव उघड करते. ज्या सर्व्हे नंबराचे तुकडे पडलेले नाहीत त्याला हिस्सा नंबर नसतो, रकाना रिकामा. दोन्ही तक्त्यांत रिकामा. माणूस म्हणेल, दोन्हीकडे काही नाही म्हणजे जुळले. एसक्यूएल तसे म्हणत नाही. नल म्हणजे माहीत नाही, आणि एक माहीत नसलेली गोष्ट दुसऱ्या माहीत नसलेल्या गोष्टीसारखीच आहे असे ते कधीच मान्य करत नाही. तर्क म्हणून हे बरोबर आहे. परिणाम मात्र असा की सर्व्हे आणि हिस्सा या दोन्ही रकान्यांवर जोडणी केली की न तुटलेल्या, सलग जमिनी यादीतून नाहीशा होतात. हिस्सा नाही हे माहीत असणे आणि हिस्सा माहीत नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यासाठी शून्य किंवा ठरलेली खूण लिहावी, दुसऱ्यासाठीच नल ठेवावा. तक्ता आखतानाच हे ठरवले तर पुढचा त्रास वाचतो.

ओळी गळतात तशा वाढतातही, आणि वाढलेल्या ओळी पकडणे अधिक अवघड जाते. समजा एका वाडीत चाळीस सुपाऱ्या पडल्या आणि सातबाऱ्यावर सात सहहिस्सेदार आहेत, सामाईक क्षेत्र. पंचनामा भोगवटादारांशी जोडला की चाळीस सुपाऱ्यांची ती एक ओळ सात वेळा येते. पडलेल्या झाडांची बेरीज केली तर दोनशे ऐंशी. गावाचा आकडा फुगतो, तालुक्याचा फुगतो, आणि तो कुठून आला हे वरच्या पातळीवर कोणाला दिसत नाही. कोकणात सातबाऱ्यावर नावांची रांग लागलेली असते, त्यामुळे ही वाढ थोडीथोडकी नसते. उपाय साधा : आधी मोजायचे ते मोजून घ्यावे, झाडांची बेरीज वाडीवार करावी, आणि मग ती माणसांशी जोडावी. बेरजेच्या आधी जोडणी की जोडणीच्या आधी बेरीज, या क्रमावर आकड्याचा खरेखोटेपणा ठरतो. एका बाजूच्या एका ओळीला दुसऱ्या बाजूच्या किती ओळी चिकटू शकतात, हे क्वेरी लिहिण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवायची सवय लावून घ्या.

जमिनीवरून समुद्राकडे येतो. रेवसपासून भरडखोलपर्यंतच्या बंदरांत मच्छीमार सहकारी संस्थांच्या कार्यालयांत रोज हेच काम चालते. यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो. त्यासाठी नौकेची नोंदणी, मासेमारीचा परवाना, संस्थेचे सभासदत्व आणि डिझेलची बिले एकमेकांशी जुळावी लागतात. नौका विकली गेली, नोंदणी नव्या मालकाच्या नावे झाली, संस्थेच्या यादीत मात्र जुनाच सभासद राहिला, की परतावा अडतो. इथे मुद्दाम सांगण्यासारखा प्रकार महिनावार अहवालाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बिले नाहीत. बिलांच्या तक्त्यावरून महिनावार अहवाल काढला तर जून-जुलै हे महिने अहवालात नसतातच, आणि एखादी नौका दुरुस्तीसाठी वर्षभर किनाऱ्यावर ओढून ठेवली असेल तर ती नौकाही नसते. शून्य दिसायला हवे तिथे काहीच दिसत नाही. म्हणून आधी सगळ्या नौका आणि सगळे महिने यांचा क्रॉस जॉइन करावा, म्हणजे प्रत्येक नौकेला प्रत्येक महिना मिळेल, आणि मग त्याला बिले लेफ्ट जॉइनने लावावीत. अट विसरल्यामुळे झालेला क्रॉस जॉइन घातक असतो हे वर आलेच. इथे तोच जाणून केला तर प्रामाणिक अहवाल देतो.

जोडणीला नेहमी दोन वेगळे तक्ते लागतात असे नाही. वारसांची साखळी एकाच तक्त्यात असते : प्रत्येक ओळीत माणूस आणि त्याच्या वडिलांचा क्रमांक, आणि तो क्रमांक याच तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीचा. तक्ता स्वतःलाच जोडायचा. सेल्फ जॉइनचे प्रकरण मी वंशावळीवर लिहिले आहे, ते वाचताना कोकणी घरांतल्या वाचकांना वेगळे उदाहरण लागणार नाही.

जोडणीची किल्ली नेहमी क्रमांकच असते असेही नाही. ती तारीख असू शकते, आणि त्याचे याच किनाऱ्यावरचे उदाहरण जगातल्या शास्त्रज्ञांना परिचित आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे होत होती. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद तिथे झाली आणि ती आजही अभ्यासली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे निश्चित झाले, आणि विजेच्या प्रवाहाने निरीक्षणे बिघडणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक डॉ. नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. लोहाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडात इमारती उभ्या राहिल्या. १९०४ मध्ये अलिबागला निरीक्षणे सुरू झाली, आणि कुलाब्याची लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी होत राहिल्या. मुंबईत पहिली विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

ती दोन वर्षे म्हणजे जोडणीचा पाया आहे. एकाच दिवसाची कुलाब्याची नोंद आणि अलिबागची नोंद तारखेवरून शेजारी ठेवली की दोन ठिकाणांतला फरक कळतो, आणि तो कळला की १८४१ पासूनची मालिका आजच्या मालिकेला लावता येते. त्या दोन वर्षांचा खर्च वाचवला असता तर दोन तुटक मालिका उरल्या असत्या. ज्यांना जुनी प्रणाली बंद करून नवी सुरू करायची आहे, त्या प्रत्येक कार्यालयाने डॉ. मूस यांचे हे काम समोर ठेवावे : काही काळ दोन्ही चालू ठेवा, सामाईक काळातल्या नोंदी जोडून पाहा, आणि मगच जुनी बंद करा. तारखेवरून जोडताना घड्याळ कोणते हेही विचारावे लागते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबई शहराने आपली स्थानिक वेळ पुढे १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, आणि दोन्हींत सुमारे ३९ मिनिटांचे अंतर होते. तासावार नोंदी जोडणाऱ्याला हे अंतर माहीत नसेल तर दोन्हीकडचे आकडे बरोबर असूनही निकाल चुकेल.

यंत्र आत ही जोडणी कशी करते याबद्दल पुस्तकात थोडेच लिहिले आहे. एक ओळ घेऊन दुसऱ्या तक्त्यात शोधत बसणे ही एक पद्धत, दोन्ही तक्ते किल्लीनुसार लावून घेऊन एकदाच वाचत जाणे ही दुसरी, लहान तक्त्याची हॅश सूची करून मोठा तक्ता तिच्यावर तपासणे ही तिसरी. यांपैकी कोणती स्वस्त पडेल हे यंत्राने स्वतः ठरवावे, याची रीत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये आयबीएममध्ये मांडली. आजचे डेटाबेस त्याच वाटेने चालतात. वाचकाने काय हवे ते नेमके सांगावे, कसे करायचे ते बहुतेक वेळा यंत्रावर सोडावे. वेगाची चिंता ज्यांना पहिल्याच दिवशी सतावते त्यांना माझे सांगणे आहे की चुकीचा निकाल लवकर मिळण्यात काही लाभ नाही.

हे पुस्तक अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरणच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, तसेच ग्रामपंचायतीत आणि सहकारी संस्थांत संगणकावर बसणाऱ्यांसाठीही. जॉइनवरची बहुतेक पुस्तके ग्राहक आणि त्यांच्या ऑर्डरी यांच्यावर चालतात. तिथे एखादी ऑर्डर गळली तर दुकानदाराचे थोडे नुकसान. इथल्या उदाहरणांत गळतो तो माणूस, त्याची वाडी, त्याची नौका. म्हणून मी उदाहरणे इथलीच घेतली. सरावाचे तक्ते बनवलेले आहेत, त्यातली नावे आणि आकडे कल्पित आहेत. रकाने मात्र खऱ्या नमुन्यांतले ठेवले आहेत, म्हणजे उद्या खरा उतारा समोर आला तर परका वाटणार नाही. तांत्रिक शब्दांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिलेले नाहीत. जॉइनला जॉइनच म्हटले आहे, कारण कामाच्या ठिकाणी तोच शब्द ऐकू येतो.

वाचकांकडे एकच मागणे आहे. प्रत्येक जोडणीच्या आधी दोन्ही तक्त्यांतल्या ओळी मोजा, जोडणीनंतर पुन्हा मोजा, आणि आकडा कमी झाला असेल तर यादी पुढे पाठवण्याआधी कोण गळले त्यांची नावे काढून वाचा.